एक पिन, एक बोल्ट आणि 16 हजार ट्रक: व्होल्वोच्या 2016 च्या रिकॉलचं प्रकरण

2016 च्या सुरुवातीला व्होल्वो ट्रक्स नॉर्थ अमेरिका या कंपनीने आपले नवेकोरे अवजड ट्रक परत बोलावले. व्हीएनएल, व्हीएनएक्स आणि व्हीएनएम ही मॉडेलं, मॉडेल वर्ष 2016 आणि 2017. मे 2015 ते मार्च 2016 च्या सुरुवातीपर्यंत कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या. एकूण आकडा 20 हजारांच्या जवळपास, आणि त्यातल्या सुमारे 16 हजार अमेरिकेच्या रस्त्यांवर. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, या रिकॉलची नोंद 16व्ही-097 या क्रमांकाने झाली.

रिकॉल अमेरिकेत रोजचेच. हा वेगळा ठरला तो त्यातल्या सूचनेमुळे. नेहमीच्या रिकॉलमध्ये मालकाला सांगतात की सवडीने डीलरकडे या, दुरुस्ती मोफत करून देऊ. इथे सांगितलं गेलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. रोज हजारेक किलोमीटर तोडणाऱ्या, हप्त्यावर घेतलेल्या, आत माल भरलेल्या ट्रकबद्दल ही सूचना होती. ती पाळली गेली का, कशी पाळायला लावली गेली, आणि मुळात ती पाळणं इतकं अवघड का असतं, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. रिकॉलचं पत्र निघणं आणि ट्रक खरोखर दुरुस्त होणं यांच्यामध्ये जी पोकळी असते, ती इथे उघडी पडली आणि बऱ्याच अंशी बुजवलीही गेली.

दोष नेमका कुठे होता

या ट्रकांमध्ये स्टिअरिंगचं चाक आणि खालचा स्टिअरिंग गिअर बॉक्स यांना जोडणारा शाफ्ट तुकड्यातुकड्यांचा असतो. त्यातला खालचा शाफ्ट दोन भागांचा होता. त्यात बसवायची रोल पिन काही गाड्यांत बसवलीच गेली नसावी, हा दोषाचा पहिला भाग. वरचा शाफ्ट आणि खालचा शाफ्ट यांना एकत्र धरणारा बोल्ट पुरेसा आवळला गेला नसावा, हा दुसरा. दोन्हींपैकी एकही गोष्ट घडली तरी शाफ्ट सुटू शकत होता, तोही पूर्वसूचना न देता.

शाफ्ट असा तुकड्यांत का करतात, हे समजून घेतलं की धोका नीट कळतो. मोठ्या ट्रकची केबिन चासिसवर घट्ट बसवलेली नसते. ती हवेच्या फुग्यांवर किंवा स्प्रिंगवर तरंगते, म्हणून ड्रायव्हरला खड्ड्यांचा मार कमी बसतो. स्टिअरिंगचं चाक या हलत्या केबिनमध्ये असतं आणि गिअर बॉक्स मात्र चासिसला बोल्टने जखडलेला. केबिन वर-खाली झाली की या दोन टोकांमधलं अंतर बदलतं, कोन बदलतो. म्हणून मधल्या शाफ्टला सांधे लागतात, आणि लांबी थोडी कमी-जास्त होण्याची सोयही लागते. थोडक्यात, हा भाग हलण्यासाठीच बनवलेला आहे. हलणाऱ्या भागात जे काही पकडून ठेवायचं काम करतं, मग ती पिन असो की बोल्ट, त्यावर प्रत्येक धक्क्याला ताण येतो. बैलगाडीच्या आसातली खीळ जशी, तशी ही रोल पिन: पत्रा गुंडाळून केलेली, आकाराने किरकोळ, पण ती नसेल तर सगळा डोलारा नशिबावर.

ब्रेकशी तुलना करून बघा. अवजड ट्रकचे एअर ब्रेक बनवतानाच बिघाडाचा विचार केलेला असतो. हवेच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तर दुसरी काम करते. हवेचा दाब फारच उतरला तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे यंत्रणा बिघडली की गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते. पॉवर स्टिअरिंगचा तेलाचा पंप गेला तरी चाक जड होतं, पण घाम गाळून का होईना, गाडी वळवता येते, कारण लोखंडाचा दुवा शाबूत असतो. तो दुवाच तुटला तर मागे दुसरं काही नाही. चाक हातात गरगर फिरतं आणि पुढची चाकं त्यांना वाटेल तिकडे जातात. अमेरिकेतल्या महामार्गावर भरलेला ट्रेलर धरून गाडीचं वजन 80,000 पौंडांपर्यंत, म्हणजे 36 टनांच्या आसपास असू शकतं. ताशी 65 मैल वेगाने ती सेकंदाला 29 मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला काय झालंय हे कळेपर्यंत शेजारची लेन संपलेली असते.

म्हणूनच ‘चालवू नका’ हे शब्द. त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत ड्रायव्हरला गाडी काढण्याआधी तपासावी लागते आणि दिवसअखेर सापडलेल्या दोषांची नोंद करावी लागते. स्टिअरिंगमध्ये किती ढिलाई, आपल्या भाषेत किती ‘प्ले’ चालेल, याचीही मापं नियमात दिलेली आहेत. पण बोल्ट कारखान्यात ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळला गेला होता का, हे चाक हलवून कळत नाही. गाडी नवी, मीटरवर काही हजार मैल, चाकात प्ले नाही, ड्रायव्हर अनुभवी. सगळं ठीक दिसतं. निर्मितीतला दोष वापरातल्या झिजेपेक्षा वेगळा असतो तो इथे. झीज हळूहळू बोलते, ड्रायव्हरच्या हाताला ती आधी कळते. न बसवलेली पिन काहीच सांगत नाही. हा दोष ओळखण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकताच येणार नाही, आणि त्यामुळे निर्मात्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचणं ही जीवनमरणाची बाब होते.

पत्र पोचलं, मग पुढे काय?

अमेरिकेचा मूळ कायदा 1966 सालचा. सुरक्षेशी संबंधित दोष आहे हे कंपनीने ठरवलं की पाच कामकाजाच्या दिवसांत एनएचटीएसएला कळवायचं, आणि त्यानंतर साठ दिवसांच्या आत मालकांना पत्रं पाठवायची. दुरुस्ती मोफत. गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून 15 वर्षांपर्यंत हा मोफत दुरुस्तीचा हक्क टिकतो (2015 च्या कायद्याने तो 10 वरून 15 वर गेला). गाडी भाड्याने किंवा लीजवर दिली असेल तर पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत ते पुढे चालवणाऱ्याकडे पाठवणं लीज देणाऱ्यावर बंधनकारक आहे.

कागदावर व्यवस्था चांगली आहे. आता ती एका चालक-मालकाच्या बाजूने बघूया. एकच ट्रक, तोही कर्जावर. कमाई मैलावर. ट्रक घरापासून दोन राज्यं दूर, ट्रेलरमध्ये कोणाचा तरी माल, पोचवायची वेळ ठरलेली. पत्र घरच्या पत्त्यावर येऊन पडलंय, आणि हा माणूस महिन्यातले तीन आठवडे रस्त्यावर. समजा बायकोने फोनवर वाचून दाखवलं. ‘चालवू नका’ म्हणजे नेमकं काय करायचं? ट्रक स्टॉपवर उभा करायचा तर माल दुसऱ्या ट्रकने न्यायला हवा. डीलरकडे न्यायचा तर चालवायचा नाही म्हणताहेत. एवढी मोठी गाडी ओढून न्यायची तर तिला तसलाच अवजड टो ट्रक लागतो, आणि त्याचा खर्च छातीत धडकी भरवणारा. डीलरकडे पोचला तरी अशाच गाड्यांची रांग.

दुरुस्ती मोफत आहे, पण उभ्या गाडीचं नुकसान कायदा भरून देत नाही. दुरुस्ती करून द्या, गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा, एवढीच कायद्यातली साधनं. बुडालेलं भाडं, हुकलेला पुढचा लोड, थकलेला हप्ता यांचा त्यात समावेश नाही. कार आणि ट्रक यांच्या रिकॉलमधला खरा फरक इथे आहे. कारवाल्याला रिकॉल म्हणजे एक सकाळ गेली. ट्रकवाल्याला रिकॉल म्हणजे मिळकत बंद. हे गणित माहीत नसलेल्या माणसाने ‘लोक निष्काळजी असतात’ असं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या घरात चूल त्या चाकांवर पेटते, तो दोषाची शक्यता आणि उपासमारीची खात्री यांची तुलना करतो, आणि बहुतेक वेळा गाडी चालू करतो.

मोठ्या कंपन्यांची अडचण निराळी. त्यांच्याकडे शेकडो गाड्या, स्वतःचं वर्कशॉप, देखभालीचा माणूस. पत्र त्यांना वेळेवर मिळतं. पण कोणती गाडी आज कुठे आहे, कोणती कोणत्या डीलरजवळून जाणार आहे, एका वेळी किती उभ्या करता येतील, हा सगळा मेळ बसवावा लागतो. देखभालीचा माणूस ‘थांबवा’ म्हणतो आणि लोड लावणारा ‘एवढी खेप होऊ दे’ म्हणतो. या दोघांपैकी कोणाचा शब्द चालतो, यावरून त्या कंपनीची पारख होते.

तपासणी नाक्यावर काय घडलं

रिकॉल जाहीर होऊन आठवडे उलटले तरी अमेरिकेतल्या त्या सुमारे 16 हजार गाड्यांपैकी अर्ध्याहून अधिक दुरुस्तीविना होत्या. तेव्हा दुसरी सरकारी यंत्रणा पुढे आली. अमेरिकेत वाहन बनवणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी एनएचटीएसए वेगळी आणि मालवाहतूक करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी एफएमसीएसए वेगळी. पहिली निर्मात्याला जाब विचारते, दुसरी रस्त्यावरच्या ट्रकला. 2016 च्या या प्रकरणात एफएमसीएसएने देशभरातल्या केंद्राच्या आणि राज्यांच्या तपासनिसांना कळवलं की या रिकॉलमधली, दुरुस्ती न झालेली गाडी तपासणीत सापडली तर तिला तिथल्या तिथे ‘आउट ऑफ सर्व्हिस’ ठरवा.

या तीन शब्दांचं वजन अमेरिकेतला प्रत्येक ट्रक ड्रायव्हर जाणतो. गाडीला तो शिक्का लागला की सांगितलेली दुरुस्ती होईपर्यंत ती कोणीही चालवायची नाही. हलवायचीच असेल तर क्रेन किंवा उचलणाऱ्या वाहनाने ओढून न्यायची. दंड भरून सुटका होत नाही. शिवाय कंपनीच्या सुरक्षा नोंदीवर ते चढतं, आणि त्या नोंदी विमा कंपन्या बघतात, माल देणारे बघतात.

तपासनिसाचं कामही सोपं झालं होतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीच्या दाराजवळ निर्मात्याची पट्टी असते, तिच्यावर गाडी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी बनली ते छापलेलं असतं आणि सतरा अक्षरी वाहन क्रमांकही असतो. मॉडेल बघायचं, महिना बघायचा, दुरुस्तीचा कागद मागायचा. वजनकाट्यावर थांबलेल्या ट्रकजवळ हे काही मिनिटांत होतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. तोवर रिकॉल हा कंपनी आणि मालक यांच्यातला खाजगी पत्रव्यवहार होता. पत्र आलं, ड्रॉवरमध्ये गेलं, कोणी विचारणारं नाही. आता तो रस्त्यावरचा प्रश्न झाला. आणि ‘उभी करावी की चालवावी’ याचं ओझं एकट्या ड्रायव्हरच्या डोक्यावरून उतरलं. ज्याला आपल्या मालकाला किंवा माल देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची हिंमत होत नव्हती, त्याच्या हातात आता एक कारण आलं: पुढच्या काट्यावर गाडी अडकली तर माल आणखी उशिरा पोचेल. आउट ऑफ सर्व्हिसचा आदेश कडक होता, पण मी त्याला ड्रायव्हरच्या बाजूचा आदेश म्हणेन.

आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. दोष कंपनीचा आणि रस्त्यात अडकणार ड्रायव्हर. वाळवंटातल्या काट्यावर गाडी उभी राहिली तर रात्रीची सोय काय, खराब होणाऱ्या मालाचं काय? हे हाल टाळायचे तर एकच उपाय उरतो: ट्रक वर्कशॉपला नेण्याऐवजी वर्कशॉप ट्रकजवळ न्यायचं. सुदैवाने या दोषाची दुरुस्ती तशी करता येण्यासारखी होती. शाफ्ट तपासायचा, पिन आहे का बघायचं, नसेल तर बसवायची, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा. इंजिन उतरवायचं नाही, केबिन काढायची नाही. टॉर्क रेंच आणि योग्य सुटा भाग घेतलेला प्रशिक्षित फिटर सर्व्हिस व्हॅनमधून येऊन हे करू शकतो. पार्टच महिनोन्‌महिने मिळत नाही, असे रिकॉल कितीतरी असतात. तिथे ‘चालवू नका’ म्हणणं फार जड जातं, आणि म्हणून कंपन्या ते म्हणायला कचरतात.

एरवीचा रिकॉल का रेंगाळतो

व्होल्वोचं प्रकरण हलवलं गेलं कारण दोष भयंकर होता. बहुतेक दोष एवढे भयंकर दिसत नाहीत. मागचा ब्रेक लाइट कधीकधी लागत नाही, एखादी वायर घासते, एखादा ब्रॅकेट तडकतो. त्यांच्यासाठी कोणी काट्यावर उभं राहत नाही.

अमेरिकी संघीय कायद्यात मालकाने रिकॉलची दुरुस्ती केलीच पाहिजे अशी थेट सक्ती नाही. गाडी धोकादायक अवस्थेत चालवू नये, तिची देखभाल नीट ठेवावी, एवढा सर्वसाधारण नियम माल वाहणाऱ्यांना लागू आहे. डीलर रिकॉल बाकी असलेली नवी गाडी विकू शकत नाही, पण जुन्या गाडीच्या विक्रीला तशी संघीय बंदी नाही. भाड्याच्या कारसाठी 2016 पासून कडक कायदा आला, रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने द्यायची नाही असा. पण तो 10,000 पौंडांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे. अवजड ट्रकचं वजन तिथून कितीतरी वर सुरू होतं. वाहन क्रमांक टाकून रिकॉल शोधण्याची जी सोय 2014 मध्ये मोठ्या निर्मात्यांवर बंधनकारक झाली, तीही कार आणि मोटारसायकलींसाठी. म्हणजे 36 टनांच्या गाडीपेक्षा दीड टनाच्या गाडीची रिकॉलची माहिती मिळवणं सोपं. हा उलटा न्याय मला आजही पटत नाही. जी गाडी आदळली तर जास्त माणसं मरतात, तिच्याबद्दलची माहिती जास्त सोपी असायला हवी.

त्यात ट्रक हात बदलतात. पहिली मोठी कंपनी तीन-चार वर्षं चालवते, मग लिलावात विकते, मग एखादा लहान वाहतूकदार घेतो, मग त्याच्याकडून चालक-मालक. पत्र नोंदणीतल्या पत्त्यावर जातं आणि पत्ता एका मालकाने मागे असतो. जितकी गाडी जुनी, तितका तिचा चालवणारा गरीब, आणि तितकी पत्र पोचण्याची शक्यता कमी.

निर्मात्यांचा वेगही बघायला हवा. व्होल्वोने इथे स्वतः सूचना दिली, धोका स्पष्ट शब्दांत सांगितला, हे मान्य करायला हवं. दुसरं उदाहरण डेमलर ट्रक्स नॉर्थ अमेरिकाचं. फ्रेटलायनर आणि वेस्टर्न स्टार हे ट्रक हीच कंपनी बनवते. रिकॉल वेळेवर केले नाहीत आणि माहिती वेळेवर दिली नाही, या आरोपांवरून एनएचटीएसएने 2018 मध्ये तिची चौकशी सुरू केली. 2020 च्या अखेरीस तडजोड झाली: 3 कोटी डॉलरचा दंड. त्यातले 1 कोटी भरायचे, 50 लाख सुरक्षेच्या कामावर खर्च करायचे, आणि उरलेले 1.5 कोटी स्थगित, अटी मोडल्या तर वसूल होणारे. पाच दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली असणं आणि ती पाळली जाणं यातलं अंतर या आकड्यात दिसतं. उशीर झालेल्या प्रत्येक आठवड्यात त्या गाड्या रस्त्यावर असतात.

आपल्या रस्त्यांवर हाच प्रश्न

भारतात 2012 पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, म्हणजे सियामची, स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता होती. कायद्याचं बळ आलं ते 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने. त्यातलं कलम 110अ केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार देतं. दोषामुळे पर्यावरणाला, ड्रायव्हरला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होण्याची शक्यता असेल तर निर्मात्याला गाडी दुरुस्त करून किंवा बदलून द्यावी लागते, नाहीतर किंमत परत करावी लागते. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर दंड नाही, ही तरतूद शहाणपणाची आहे. नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले: सात वर्षांपर्यंतच्या गाड्या, सक्तीच्या रिकॉलसाठी 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि मालकांना तक्रार नोंदवायला वाहन पोर्टल.

सक्तीच्या रिकॉलसाठी लागणाऱ्या तक्रारींचा उंबरठा अवजड मालवाहू गाड्यांसाठी वार्षिक विक्रीच्या 3 टक्के असा आहे. व्होल्वोच्या प्रकरणावर तो लावून बघा. 16 हजारांचे 3 टक्के म्हणजे 480. स्टिअरिंग सुटल्याच्या 480 तक्रारी यायची वाट कोण बघेल? असल्या दोषाची एक तक्रार ही एक मोठी दुर्घटना असते. कायद्यात चाचणी संस्थांचा अहवाल किंवा अन्य मार्गाने आलेली माहिती यांनाही जागा आहे, हे बरं आहे. माझं म्हणणं इतकंच की स्टिअरिंग, ब्रेक आणि आग या तीन बाबतींत टक्केवारी बघूच नये. एक विश्वासार्ह तक्रार तपासाला पुरेशी असावी.

आणि अमेरिकेच्या तपासणी नाक्यावर जे झालं ते आपल्याकडे कुठे होऊ शकतं? माझ्या मते फिटनेसच्या वेळी. आपल्याकडे व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे प्रत्येक ट्रक ठरलेल्या वेळी सरकारी यंत्रणेसमोर येतोच. चासिस नंबर तिथे वाचला जातोच. त्याच क्षणी ‘या गाडीचा सुरक्षेचा रिकॉल बाकी आहे का’ हे बघून, बाकी असेल तर डीलरचा कागद आणल्याशिवाय प्रमाणपत्र न देणं, हे अवघड काम नाही. दोन वर्षांचं अंतर स्टिअरिंगसारख्या दोषाला फार मोठं आहे, त्यासाठी रस्त्यावरच थांबवावं लागेल. पण ब्रेक लाइट, वायरिंग, ब्रॅकेट असल्या रेंगाळणाऱ्या रिकॉलना यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

चाकणहून माल भरून निघालेला किंवा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर उभा असलेला एखादा चालक-मालक हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी काही गोष्टी. आरसीवरचा सतरा अक्षरी चासिस नंबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन ‘माझ्या गाडीवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का’ असं लेखी विचारा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, म्हणजे उत्तर हातात राहील. दुरुस्ती झाली की जॉब कार्डवर कॅम्पेनचा क्रमांक, तारीख आणि मीटरचं वाचन लिहून घ्या. ‘फ्री चेकअप केला’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका. त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत गाडीच्या कागदांत ठेवा. रिकॉलच्या दुरुस्तीचे पैसे मागितले तर देऊ नका आणि मागणी लेखी मागा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकच ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक ठरतो. ताफा बाळगणारा मोठा वाहतूकदार एरवी ठरत नाही. लहान माणसाच्या बाजूची ही तरतूद आहे आणि ती वापरायची असते.

जुना ट्रक घेणाऱ्यांनी तर हे आधीच करावं. इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, चासिसला वेल्डिंग आहे का बघतो, बँकेचा बोजा उतरला का विचारतो. त्याच यादीत रिकॉलची चौकशी घाला, आणि उत्तर मिळेपर्यंत मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करू नका. मालकी आपल्या नावावर आली की सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतला पत्ता आणि फोन नंबरही बदलून घ्या, नाहीतर पुढचं पत्र आधीच्या मालकाच्या घरी जाईल.